मुलींना सावध करून झाले, आता बाकीच्यांना शिकवा
महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र

मा. कुलगुरू महोदय आणि महोदया,



प्रवेशाच्या दिवसांत विद्यापीठाच्या कचेरीत श्वास घ्यायला फुरसत नसते, हे मला ठाऊक आहे. तरीही पत्र आताच लिहिते आहे, कारण जे मागायचे आहे ते वेळापत्रके ठरून गेल्यावर मागण्यात अर्थ नाही. मी काही महाविद्यालयांच्या अंतर्गत तक्रार समित्यांवर बाह्य सदस्य आहे. लैंगिक छळ आणि हिंसा या विषयावर विद्यार्थ्यांशी आणि प्राध्यापकांशी बोलायलाही जाते. या कामातून माझी एक ठाम समजूत झाली आहे. लैंगिक हिंसा रोखण्याचे म्हणून जे शिक्षण आपण आज देतो, ते जवळजवळ सगळे मुलींना दिले जाते आणि त्यात त्यांनी स्वतःला कसे जपावे एवढेच असते. ज्यांना ते आधी द्यायला हवे, ते मुलगे, संशोधनाचे मार्गदर्शक आणि खुद्द तक्रार समितीचे सदस्य हॉलच्या बाहेरच राहतात.

८ मार्चच्या आगेमागे होणारा कार्यक्रम आपणही पाहिला असेल. पुढच्या रांगांत मुली, मागे हजेरी भरण्यासाठी आणून बसवलेले एनएसएसचे काही मुलगे. दीपप्रज्वलन, सत्कार आणि प्रास्ताविकात अर्धा तास जातो. मग पाहुण्या मुलींना सांगतात, एकटीने फिरू नका, मैत्रिणीला लोकेशन पाठवा, अनोळखी माणसाशी चॅट करू नका, पर्समध्ये मिरचीचा स्प्रे ठेवा. शेवटी कराटेचे प्रात्यक्षिक होते, नॅकच्या फाइलसाठी जिओटॅग केलेले फोटो निघतात आणि विषय पुढच्या मार्चपर्यंत मिटतो. पुणे विद्यापीठाच्या निर्भय कन्या अभियानासारख्या उपक्रमांतून मुलींना धीर येतो हे मी पाहिले आहे, त्यांना मी नावे ठेवणार नाही. पण या साऱ्यामागे एकच चित्र आहे: अंधारी गल्ली आणि अनोळखी गुंड. समितीपुढे येणारा माणूस बहुतेक वेळा ओळखीचा असतो. वर्गमित्र, सीनियर, प्रयोगशाळेतला सहायक, कालपर्यंतचा मित्र, गाइड. ज्याच्या सहीशिवाय प्रोग्रेस रिपोर्ट पुढे जात नाही, त्याच्यापुढे कराटे काय कामाचे?

सत्राच्या सुरुवातीला मी कोऱ्या चिठ्ठ्या वाटते. नाव लिहायचे नाही, पण पेन प्रत्येकाने चालवायचे. ज्याला काही विचारायचे नसेल त्याने नुसत्या रेघोट्या ओढायच्या, म्हणजे कोण खरे लिहितो आहे ते शेजाऱ्याला कळत नाही. चिठ्ठ्या गोळा करून मी त्या मोठ्याने वाचते. एका तालुक्याच्या गावी दुसऱ्या वर्षाच्या मुलाने लिहिले होते, ‘ती आधी रोज बोलायची, आता ब्लॉक केलंय. मी तिच्या एसटी स्टॉपवर नुसता उभा राहतो, काही बोलत नाही. यात चूक काय?’ दुसऱ्याने लिहिले, ‘आमच्या ग्रुपवर एकाने वर्गातल्या मुलीचा फोटो एडिट करून टाकला. सगळे हसले, मीपण हसलो. ती कॉलेजला येत नाही आता.’ आणखी एक चिठ्ठी होती, अक्षर अगदी बारीक: ‘लहानपणी नात्यातल्या माणसाने माझ्यासोबत केलं. मुलग्यांनी कुणाला सांगायचं?’ मुलींच्या चिठ्ठ्यांत एक पीएचडी करणारी होती. ‘सर चॅप्टर घेऊन रविवारी घरी बोलावतात, घरी त्यांच्याशिवाय कुणी नसतं. नाही म्हटलं तर सबमिशन अडेल.’

या चिठ्ठ्या वाचल्या की हॉल शांत होतो. अठरा-एकोणीस वर्षांच्या त्या मुलांना हे विचारायला आयुष्यात कुठेच जागा मिळालेली नसते. स्टॉपवर उभा राहणारा मुलगा अजून फार पुढे गेलेला नाही. नको म्हणणाऱ्या मुलीचा वारंवार पाठलाग करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. नकार पचवायचा कसा, हे तर घरात नाही, शाळेत नाही, कुठेच शिकवले जात नाही. सिनेमात त्याने पाहिलेले असते ते उलटेच, की मागे लागत राहिले तर शेवटी ती हसते. त्याच्याशी याच वयात, याच टप्प्यावर कुणी नीट बोलले तर तो परत फिरतो. मी तसे मुलगे पाहिले आहेत. सत्र संपल्यावर ते थांबतात, चपलांशी चाळा करतात आणि मग विचारतात, ‘मॅडम, सॉरी म्हणायला गेलो तर तेही पाठलागात धरतील का?’ त्यावर मी सांगते, जाऊ नकोस, तिला एकटे सोडणे हीच माफी.

बोलले नाही तर काय होते, हे महाराष्ट्राने वारंवार पाहिले आहे. १९९० मध्ये उल्हासनगरला परीक्षेच्या हॉलमध्ये शिरून एका शाळकरी मुलीला जाळले गेले. त्यानंतर तीस वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०२० रोजी, हिंगणघाटमध्ये महाविद्यालयात शिकवायला निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला तिच्या मागे लागलेल्या माणसाने भर रस्त्यात पेटवले. १० फेब्रुवारीला ती गेली. आरोपीला २०२२ मध्ये जन्मठेप झाली. दर वेळी मोर्चे निघतात, फाशीची मागणी होते, आणि तो राग खरा असतो. पण त्या माणसाच्या मनात काय चालले आहे हे आधीपासून माहीत असलेले कुणीतरी आसपास असते, आणि त्या जाणणाऱ्याला काय बोलावे, कुणाला कळवावे हे आपण कधी शिकवलेले नसते.

२७ जून २०२३ रोजी पुण्याच्या सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन ओळखीच्या विद्यार्थिनीवर धावून गेला. भर दिवसा, माणसांच्या वर्दळीत. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे तरुण मध्ये पडले, कोयता धरला आणि मुलगी वाचली. सगळ्या महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, करायलाच हवे होते. पण प्रत्येकाने कोयत्यासमोर उभे राहावे, अशी अपेक्षा आपण धरू शकत नाही. प्रशिक्षणात शिकवायचे ते त्याच्या कितीतरी आधीचे. कँटीनमध्ये चार मित्र बसले आहेत, एक जण मोबाइलवर वर्गातल्या मुलीचा फोटो दाखवतो आहे. मी दोन-दोन मुलांची जोडी करते आणि एकाला फक्त एवढेच म्हणायला लावते: ‘डिलीट कर.’ पहिल्या वेळी निम्म्यांच्या तोंडून आवाज फुटत नाही. कुणी हसतो, कुणी खाली बघतो. मित्रासमोर हे दोन शब्द उच्चारणे किती अवघड आहे, हे त्यांनाच तेव्हा पहिल्यांदा उमगते. मग पर्याय काढतो आम्ही: विषय बदलता येतो, मित्राला बाजूला घेता येते, तिसऱ्या कुणाला बोलावता येते, आणि काहीच जमले नाही तरी नंतर त्या मुलीला ‘तू ठीक आहेस ना, मी सोबत येऊ का समितीकडे’ एवढे विचारता येते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला आवाज फुटतो. हे सरावानेच येते, व्याख्यानाने येत नाही. हरीश सदानी आणि त्यांचे ‘मावा’ या संस्थेतले सहकारी १९९३ पासून महाराष्ट्रातल्या तरुण मुलग्यांशी अशा धर्तीवर बोलत आले आहेत, त्यामुळे हे इथे जमणार नाही असे कुणी म्हणू नये.

किती वेळ द्यायचा, याबद्दल संशोधन बऱ्यापैकी स्पष्ट बोलते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेतील संशोधकांनी २०१४ मध्ये लैंगिक हिंसा रोखण्याच्या कार्यक्रमांची १४० मूल्यमापने तपासली. एका बैठकीत उरकणाऱ्या छोट्या कार्यक्रमांनी वागणे बदलल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. उलट कॅनडातल्या शार्लीन सेन यांचा अभ्यास पाहा, २०१५ चा. तीन विद्यापीठांतल्या पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींपैकी काहींना तीन-तीन तासांच्या चार बैठका दिल्या, बाकीच्यांना नुसत्या माहितीपत्रिका. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटात ९.८ टक्के होते, बैठकांना बसलेल्या गटात ५.२ टक्के. त्या बैठकांत स्प्रे आणि लोकेशन यांच्यापेक्षा ओळखीच्या माणसाकडून होणाऱ्या दडपणावर भर होता: ते ओळखायचे कसे, ‘तो वाईट वाटून घेईल’ ही भीड बाजूला ठेवून ठाम कसे राहायचे, आणि स्वतःला काय हवे, काय नको याचा विचार कसा करायचा. हा कार्यक्रम मुलींसाठीच होता, म्हणून माझी मागणी त्याने पुरी होत नाही. पण बारा तास आणि एक तास यांतला फरक त्यातून पक्का दिसतो.

संमतीचा विषय निघाला की अनेक प्राचार्य अस्वस्थ होतात. ‘एवढे उघड नको, पालक येतील,’ असे मला अनेकदा सांगितले गेले आहे. त्यांना मी आपल्याच विद्यापीठांच्या इतिहासाची आठवण करून देते. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक होते. संततिनियमनाबद्दल उघड बोलले म्हणून त्यांना नोकरी सोडावी लागली, तरी पुढे १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. आणि मथुरा प्रकरण तर आपल्याच मातीतले. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या एका आदिवासी मजूर मुलीवर बलात्कार झाला. मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, हा त्यामागचा एक मोठा मुद्दा. तेव्हा १९७९ मध्ये चार कायदा-प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. तिघे दिल्ली विद्यापीठातले, धागमवार पुण्याच्या. दडपणाखाली गप्प राहणे म्हणजे होकार नव्हे, असे त्यांनी देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला सांगितले. त्या पत्रातून आंदोलन उभे राहिले, १९८३ मध्ये कायदा बदलला, आणि २०१३ च्या दुरुस्तीने तर स्पष्टच लिहून टाकले की स्त्रीने शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून तिची संमती मानता येणार नाही. ज्या विद्यापीठांच्या शिक्षकांनी ही गोष्ट न्यायालयाला शिकवली, त्यांना ती स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात शिकवताना अवघडल्यासारखे का व्हावे?

आता प्राध्यापकांकडे येते, आणि इथे मला थोडे कठोर बोलावे लागेल. कायदा सांगितला की स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न खोट्या तक्रारींचा येतो. मी तो टाळत नाही. पुरावा अपुरा पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही, आणि जाणूनबुजून खोटी तक्रार केल्यास कारवाईची तरतूदही आहे. पण या प्रश्नाला जेवढा वेळ जातो, त्याचा दहावा हिस्साही ‘माझ्या हातात किती सत्ता आहे’ या प्रश्नाला जात नाही. संशोधक विद्यार्थिनीची फेलोशिपची हजेरी, प्रोग्रेस रिपोर्ट, प्रबंध आणि पुढची शिफारसपत्रे सारे एका माणसाच्या हातून जाते. घरी बोलावणे, रात्री अकराला मेसेज करणे, परिषदेला एकत्र प्रवासाचा आग्रह, यांतले प्रत्येक पाऊल छळ असेलच असे नाही. पण विद्यार्थिनीला नाही म्हणण्याची सोय नसते, आणि हे गाइडला कळायला हवे. गाइड म्हणून मान्यता विद्यापीठच देते. तेव्हा हे प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय ती मान्यता देऊ नका आणि वाढवूही नका. संशोधक विद्यार्थ्याला गाइड बदलायचा असेल, तर त्याच गाइडच्या ना-हरकत पत्रासाठी त्याला दाराशी उभे करू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या विनियमांत, जे मे २०१६ मध्ये राजपत्रात आले, चौकशी चालू असताना ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तक्रारदाराच्या कामाचे मूल्यमापन करू देऊ नये, अशी अंतरिम उपायांची सोय आहे. किती विभागप्रमुखांना हे माहीत आहे, एकदा विचारून पाहा.

तक्रार समितीची कथा याहून बिकट आहे. एका महाविद्यालयात जिन्याखालच्या भिंतीवर समितीचा फ्लेक्स होता. वरच्या नावातल्या मॅडम बदली होऊन गेलेल्या, त्यांचा नंबर बंद, आणि विद्यार्थी प्रतिनिधींच्या जागी ‘निवड लवकरच’ असे लिहिलेले. विनियम सांगतात की विद्यार्थी प्रतिनिधी निवडून आलेले हवेत, कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा पदांवरची माणसे समितीत नकोत, आणि चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हायला हवी. खासगी अनुदानित महाविद्यालयांत तर बाह्य सदस्यसुद्धा संस्थाचालकांच्या बैठकीतलाच असतो. तक्रार संस्थेतल्या कुणा वजनदार माणसाबद्दल असेल, तर त्या गावात मुलीने कुणाकडे जायचे?

अप्रशिक्षित समिती दोन्ही बाजूंचे नुकसान करते, याचे ठसठशीत उदाहरण शेजारी गोव्यात आहे. गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाविरुद्ध विद्यार्थिनींच्या तक्रारी २००९ मध्ये आल्या. समितीने शेवटच्या टप्प्यात चौकशी अशी घाईने उरकली की त्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नाही. १२ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कारवाई रद्द केली आणि चौकशी २००९ च्या टप्प्यापासून पुन्हा करायला सांगितले. चौदा वर्षांनी! तक्रार खरी की खोटी, याचा निकाल त्या मुलींनाही मिळाला नाही आणि त्या माणसालाही. त्याच निकालपत्रात न्यायालयाने समिती-सदस्यांसाठी नियमित प्रशिक्षण घेण्याचे निर्देश दिले. आणि समिती असून विश्वास नसेल तर काय होते, ते जुलै २०२५ मध्ये ओडिशातल्या बालासोरला दिसले. विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार करून थकलेल्या विद्यार्थिनीने महाविद्यालयाच्या आवारात स्वतःला पेटवून घेतले, दोन दिवसांनी ती गेली. ही बातमी आली त्या आठवड्यात मला तीन महाविद्यालयांतून फोन आले, ‘मॅडम, आमची समिती कागदावर तरी नीट आहे का, बघाल का?’ मी बघितली. कागदावर होती.

वसतिगृहाचे फाटक आणखी लवकर बंद करणे हा यावरचा उपाय नाही, हे एका वाक्यात सांगून पुढे जाते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्याच ‘सक्षम’ अहवालाने २०१३ मध्ये सुरक्षेच्या नावाखाली मुलींवर बंधने लादू नयेत असे बजावले होते. बनारस हिंदू विद्यापीठात सप्टेंबर २०१७ मध्ये विद्यार्थिनी रस्त्यावर उतरल्या, त्यांच्या रागाचे एक मोठे कारण हेच होते की छेडछाड झालेल्या मुलीलाच उशिरा बाहेर असण्याचा जाब विचारला गेला. रेक्टर आणि सुरक्षारक्षक यांचे प्रशिक्षण हवे ते यासाठी. रडत आलेल्या मुलीला पहिले वाक्य काय बोलायचे, एवढे जरी त्यांना आले तरी पुष्कळ झाले.

श्रेयांक द्यायचे की नाही, यावर आपल्या अभ्यासमंडळांत वाद होईल. सक्तीचा विषय आणता येतो, हे पर्यावरणाने दाखवले आहे. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्देश दिला आणि कालांतराने तो प्रत्येक शाखेच्या विद्यार्थ्याला आला. त्याचे पुढे काय झाले तेही आपण जाणतो: तयार प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानात मिळतात. या विषयाचे तसे होऊ देऊ नका. माझी मागणी पहिल्या सत्रात बारा तासांची आहे, तीस-पस्तीस जणांच्या गटात, लेखी परीक्षेशिवाय, हजेरी आणि सहभागावर. काही तास मुलगे-मुली वेगळे, काही एकत्र. मराठीत, आणि जिथे मुलांच्या घरची बोली वेगळी आहे तिथे त्या बोलीत बोलू शकणारे कुणी सोबत. तृतीयपंथी विद्यार्थी आणि ज्यांच्यावर अत्याचार झाला आहे असे मुलगे यांचाही त्यात उल्लेख हवा, विनियमांनीच तो केला आहे. ‘कमवा आणि शिका’ योजनेतली मुले विसरू नका. बागेत किंवा ग्रंथालयात काम देणाऱ्या पर्यवेक्षकाची मर्जी सांभाळल्याशिवाय ज्यांची मेस चालत नाही, त्यांना छळाविरुद्ध बोलणे सगळ्यांत महाग पडते.

प्रशिक्षक कुठून आणायचे, हा प्रश्न रास्त आहे. एसएनडीटीचे स्त्री-अभ्यास केंद्र १९७४ पासून आहे, पुणे विद्यापीठाचे केंद्र आहे, स्वयंसेवी संस्थांत अनुभवी माणसे आहेत. प्रत्येक विद्यापीठाने पहिल्या वर्षी प्रत्येक महाविद्यालयातले दोन शिक्षक आणि चार मोठे विद्यार्थी निवडून त्यांना आठवडाभर तयार केले, तरी दुसऱ्या वर्षी काम उभे राहील. पैसा लागेल. युवा महोत्सवाला लागतो तसाच, आणि तो आपण देतोच.

पुढच्या व्यवस्थापन परिषदेच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. आणि ठराव होईपर्यंत एक गोष्ट आपल्याला लगेच करता येईल. संलग्न महाविद्यालयांकडून तक्रार समितीच्या सदस्यांची नावे, चालू असलेला फोन नंबर आणि त्यांचे शेवटचे प्रशिक्षण कधी झाले ती तारीख मागवा, आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाका. ज्या महाविद्यालयाची तारीखच नसेल, तिथे आम्ही बाह्य सदस्य जून संपण्याआधी जायला तयार आहोत.

आपली विश्वासू,
अंतर्गत तक्रार समित्यांवरील एक बाह्य सदस्य